आमचा डोंगा कोठी लावाचा?

मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या गावच्या तलावाचं एक चित्र काढलं. कागदावर नाही, लॅपटॉपवर. चुलत भावाच्या लग्नासाठी तीन आठवडे घरी आलो होतो. दिवसा ओसरीत बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करायचो आणि संध्याकाळी पाळीवर फिरायला जायचो. एक दिवस सरपंचांचा फोन आला. तलावाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव पाठवायचा होता, आणि त्यांना हवं होतं 'मस्तपैकी प्रेझेंटेशन'. "बाबू, तू तं इंजिनीअर आहेस ना," ते म्हणाले. मी सॉफ्टवेअरवाला आहे, बांधकामवाला नाही, हा फरक गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात कुणाला समजावून सांगायला जाऊ नये. मी हो म्हणालो.

मित्राच्या ड्रोननं फोटो काढले आणि त्यांच्यावर मी पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक आखला. बाक, सौर दिवे, पेडल बोटींसाठी छोटा धक्का, गावाचं नाव मोठ्या अक्षरांत असलेला सेल्फी पॉइंट, सगळं टाकलं. ग्रामसभेत प्रोजेक्टर लावला. आपलाच तलाव वरून बघून लोक हरखले. टाळ्यासुद्धा पडल्या.

मग मागून एक काका उठले. ढिवर मोहल्ल्यातले. लहानपणी मी बुडता बुडता ज्यांनी मला केसाला धरून बाहेर काढलं होतं, तेच. पडद्याकडे बघत ते शांतपणे म्हणाले, "हे सारं बेस आहे बाबू. पन आमचा डोंगा कोठी लावाचा?"

मी चित्राकडे पाहिलं. ज्या उतारावर ढिवरांचे डोंगे लागतात, जाळी वाळतात, पहाटे मासळीचं वजन होतं, नेमका तिथंच मी सेल्फी पॉइंट ठेवला होता. उतार चांगला होता, मागं डोंगर दिसत होता आणि जागा रिकामी होती. ड्रोननं फोटो सकाळी काढले होते. त्या वेळी सगळे डोंगे पाण्यात होते.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मी कुणाला हाकललं नव्हतं. माझ्या मनात कुणाबद्दल वाईट नव्हतं. फोटो खरा होता, मोजमाप बरोबर होतं. तरीही त्या चित्रात एका अख्ख्या मोहल्ल्याची जागा नव्हती. हेतू चांगला आणि माहिती खरी असूनही अन्याय होऊ शकतो का? होत असेल, तर तो नेमका कुठल्या पायरीवर होतो?

*

आधी थोडं तलावाविषयी. बाहेरच्या लोकांना गोंदिया म्हटलं की वाघ आठवतो किंवा रेल्वेचं जंक्शन. इथं राहणाऱ्याला धान आणि तलाव आठवतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि काही प्रमाणात नागपूर, या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि त्याचं लघुरूप 'मामा तलाव'. शहरातल्या मित्रांना हे नाव सांगितलं की ते हसतात. कुणाचा मामा, असं विचारतात.

हे तलाव आपोआप झालेले नाहीत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखालची जमीन मिळायची, अशी रीत होती. कोहळी समाजानं या कामात नाव कमावलं. आमच्या भागातला सर्वांत मोठा जुना तलाव नवेगावबांधचा. दहा-अकरा चौरस किलोमीटरचं पाणी, भोवती सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्या. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. पुढं लोकांनी त्या माणसाचा देव केला, कोलासूर. त्याचं ठाणं तिथल्या टेकडीवर आहे. मला हे फार आवडतं. मंत्र्याच्या नावाची कोनशिला बसते आणि विसरली जाते. इथं एका पाणी अडवणाऱ्याला लोकांनी थेट देवात बसवलं.

मालगुजारी गेली ती १९५०च्या कायद्यानं. आमचा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५१ साली मालगुजारांचे हक्क संपले आणि तलाव सरकारजमा झाले. राज्यं बदलली, १९६० साली महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तलाव जागेवरच राहिले. त्यांच्या फायली मात्र फिरत राहिल्या. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेला तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठा जलसंधारण किंवा जलसंपदा खात्याकडे. काठावर अतिक्रमण झालं तर महसूल खातं. मासेमारीच्या ठेक्याचं टेबल वेगळं. तलाव जंगलात असेल तर वनखातं. सुशोभीकरणाचा निधी आला तर तो आणखी चौथ्याच योजनेतून, पर्यटनाच्या नाहीतर अमृत सरोवराच्या.

आमच्या कामात एक साधा नियम असतो. प्रत्येक अडचणीच्या तिकिटावर 'ओनर' म्हणून एका माणसाचं नाव लागतं. पाच नावं लावली तर ते काम कुणीच करत नाही. मामा तलावांच्या तिकिटावर पाच नावं आहेत. पाळीला भगदाड पडलं तर हा म्हणतो त्याच्याकडे जा. पण चित्र काढायची वेळ आली की सगळेच मालक होतात. मीसुद्धा झालो.

*

तर तलाव कुणाचा?

कायद्याचं उत्तर सोपं आहे, सरकारचा. पण 'सरकारचा' याला दोन अर्थ आहेत. एक, सरकार मालक आहे, वाटेल ते करेल. दुसरा, सरकार विश्वस्त आहे, लोकांच्या वतीनं सांभाळतं आहे. विश्वस्त आणि मालक यांत फरक इतकाच की विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो.

नागपूरच्या फुटाळा तलावावरून हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भोसल्यांच्या काळात बांधलेला हा तलाव. तिथं संगीत कारंजं, प्रेक्षक गॅलरी, तरंगतं हॉटेल अशी कामं काढली गेली. एका संस्थेनं आक्षेप घेतला की ही पाणथळ जागा आहे, इथं बांधकाम चालणार नाही. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल आला. न्यायालयानं संस्थेचं अपील फेटाळलं, कारण २०१७च्या पाणथळ नियमांत माणसानं सिंचनासाठी बांधलेले तलाव येतच नाहीत. पण त्याच निकालात न्यायालयानं असंही म्हटलं की विश्वस्ताची जबाबदारी फक्त नैसर्गिक जलाशयांपुरती नाही, मानवनिर्मित तलावांनाही ती लागू होऊ शकते.

हा निकाल वाचला आणि मला आमचा जिल्हा दिसला. नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी, करमणुकीसाठी आणि सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय 'पाणथळ' या व्याख्येतून वगळले आहेत. आमच्याकडचे बहुतेक तलाव सिंचनासाठीच बांधलेले. म्हणजे ज्या पाण्यावर हिवाळ्यात बदकांचे थवे उतरतात, ज्याच्या आसपासच्या धानाच्या बांध्यांत महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस घरटी करतात, ते पाणी व्याख्येप्रमाणे पाणथळ नाही. का? तर तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुदळ मारली म्हणून.

तीनशे वर्षांत त्या तलावात काय काय आलं, याची नोंद व्याख्येत नाही. कमळ आलं, शिंगाडा आला, देवधान आलं. मरळ आली. सारस आला. ढिवर आले. यांतलं कुणीच कोलू पाटलाच्या नकाशात नसणार. वस्तू कशासाठी बांधली यावरून ती आज कुणाची आहे हे ठरत नाही. घर बापानं भाड्यानं द्यायला बांधलं असेल, पण त्यात तीन पिढ्या जन्मल्या असतील तर ते निव्वळ भाड्याचं घर राहत नाही.

*

इथवर लिहिणं सोपं होतं. मी ढिवर काकांच्या बाजूनं झालो, तुम्हीही झालात, आता सगळ्यांनी पेव्हर ब्लॉकला नावं ठेवायची. पण त्या रात्री घरी आल्यावर धाकट्या बहिणीनं मला चांगलंच सुनावलं.

ती बी.एस्सी. करते. जाऊनयेऊन कॉलेज, बाकी वेळ घर. ती म्हणाली, "तुले पुण्यात फिरायला दहा जागा आहेत. मले सहानंतर ओट्यापलीकडं जागा नाही. पाळीवर दिवे लागले असते, चार बाया फिरल्या असत्या, तं मीबी गेली असती. तू एका वाक्यावर पघळला न सारं रद्द करून टाकलं."

मी काही रद्द केलं नव्हतं, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. विरंगुळा ही शहरातल्या लोकांची चैन आहे, खेड्यातल्या माणसाला फक्त पोट असतं, असं मानणं हासुद्धा एक अपमानच आहे. पाण्याकडे बघत नुसतं बसावंसं वाटणं ही खरी गरज आहे. आणि आज आमच्या पाळीवर संध्याकाळी कोण बसतं? पुरुष. पारावर पुरुष, पानठेल्यावर पुरुष, पाळीवरही पुरुषच. दिवे आणि बाक ही माझ्या बहिणीसाठी शोभेची वस्तू नाही, तिला ती परवानगी वाटते.

जुन्या व्यवस्थेचं कौतुकही बेतानंच करायला हवं. मालगुजारीत पाळीची डागडुजी वेळेवर व्हायची, तुडूम कधी उघडायचं याचा कायदा गावाला पाठ असायचा, हे आमचे म्हातारे अभिमानानं सांगतात. पण त्या कायद्यात ढिवराचा आवाज किती होता? पाळीवर माती टाकणाऱ्यांतले किती जण स्वखुशीनं यायचे? कुणाच्या बायांनी कुठल्या घाटावर पाणी भरायचं हे कोण ठरवायचं? 'पूर्वी तलाव सगळ्यांचा होता' हे वाक्य बहुतेक वेळा ज्यांचा होता त्यांचीच नातवंडं म्हणतात. मी त्यातलाच एक आहे. माझे पणजोबा कास्तकार होते, तलावाच्या खालच्या अंगाला आमची जमीन आहे. आमच्या बांधीत पाणी आधी यायचं.

*

सामायिक गोष्टींविषयी दोन गाजलेली मतं आहेत. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलं की जे सगळ्यांचं असतं ते शेवटी ओरबाडलं जातं, म्हणून ते कुणा एकाच्या ताब्यात द्या, सरकारच्या किंवा खासगी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या आपल्या पुस्तकात जगभरच्या कुरणांची, मासेमारीची, पाटपाण्याची उदाहरणं देऊन दाखवलं की तसंच होईल असं नाही. लोक आपसांत नियम करतात, राखण करतात, मोडणाऱ्याला आधी हलका आणि मग कडक दंड करतात, आणि शेकडो वर्षं निभावतात. पण त्यांच्या अटींतली एक फार महत्त्वाची आहे. नियमाचा ज्यांच्यावर परिणाम होतो, त्यांना तो नियम बनवण्यात वाटा हवा. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

मला ऑस्ट्रॉमबाई पटतात, कारण माझं पोट अशाच एका सामायिक तलावावर चालतं. जगातलं निम्म्याहून जास्त सॉफ्टवेअर फुकट मिळणाऱ्या, सगळ्यांच्या अशा कोडवर उभं आहे, असं म्हटलं तरी अतिशयोक्ती होणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' नावाच्या एका छोट्या तुकड्यात भोक सापडलं आणि मोठमोठ्या कंपन्यांची झोप उडाली. तेव्हा कळलं की हा तुकडा मूठभर माणसं आपल्या फावल्या वेळात, पगाराशिवाय सांभाळत होती. वापरणारे लाखो होते, पण त्यांना ही माणसं कधी दिसलीच नव्हती, कारण ती आपलं काम नीट करत होती.

ढिवरांचंही तसंच आहे. तलावात बेशरमाची झुडपं माजली की ती कोण उपटतं? मासोळीला अंडी घालायला पाणवनस्पती लागतात, त्या कुठल्या काठाला उरल्यात हे कुणाला माहीत असतं? अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांसोबत अनेक वर्षं हेच काम केलं आहे, हरवलेल्या पाणवनस्पती परत लावायच्या, म्हणजे स्थानिक मासे परततात. कटला-रोहूचं बीज सोडून ठेका वसूल करणं सरकारला जमतं. पण कुठली वनस्पती कुठं लावायची हे ज्ञान ढिवरांच्या घरांत होतं.

म्हणजे तलाव टिकतो तो बघणाऱ्यांमुळं नाही, राबणाऱ्यांमुळं. पण मग बघणाऱ्यांना काहीच हक्क नाही का? बहिणीला काय सांगू?

*

मी बरेच दिवस विचार करून एका उत्तरापाशी आलो आहे. ते पक्कं नाही, पण सांगतो.

तलावावर सगळ्यांचा हक्क आहे, पण सगळ्यांचं नुकसान सारखं नाही. सेल्फी पॉइंट झाला नाही तर माझं काय बिघडेल? एक फोटो कमी निघेल. डोंग्याची जागा गेली तर काकांचा धंदा जाईल. दिवे लागले नाहीत तर बहिणीची संध्याकाळ जाईल, आणि अशा संध्याकाळी जोडत गेलं की आयुष्य होतं. शिवाय मी पुण्याला परत जाऊ शकतो. मला नाही आवडलं तर टॅब बंद केला की झालं. ज्याला निघून जाता येतं त्याचं मत ऐकावं, पण शेवटी. ज्याला जाता येत नाही आणि ज्याचं जास्त जातं, त्याला आधी विचारावं.

हा काही नकाराधिकार नव्हे. ढिवर मोहल्ला नको म्हणाला म्हणून काहीच करायचं नाही, असं मी म्हणत नाही. मी फक्त क्रमाविषयी बोलतो आहे. आपण आधी चित्र काढतो आणि मग हरकती मागवतो. चित्र एकदा पडद्यावर आलं की ते मान्य करणं सोपं आणि त्यात जागा मागणं कठीण. जागा मागणारा विकासाच्या आड येणारा दिसतो. त्या दिवशी काकांना उभं राहायला किती धीर लागला असेल, हे मला नंतर कळलं. त्यांच्या आधी टाळ्या पडल्या होत्या.

आणि काही गोष्टी अशा आहेत ज्यांना बहुमतही लागू नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात प्रचंड पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव भरून वाहिला. खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, माणसं गेली. सांडव्यासमोर उभारलेल्या स्मारकामुळं पाण्याची वाट अडली असा आक्षेप घेऊन रहिवासी उच्च न्यायालयात गेले. स्मारक बघायला येणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, बांधणाऱ्यांचाही नसेल. पण पाणी ग्रामसभेला येत नाही आणि ठरावही वाचत नाही. सारसही येत नाही. त्याच्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. जे बोलू शकत नाहीत, त्यांच्यासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते. माझ्या चित्रात सांडवाही नव्हता. तिथं मी गुलमोहर लावला होता.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की अन्याय फोटो काढण्याच्या पायरीवर झाला नाही. रिकामी दिसणारी जागा मी रिकामीच धरली, तिथं तो झाला. खेड्यात रिकामी जागा फार कमी असते. पोळ्याला तिथं बैल धुतात, गणपती तिथं बुडवतात, दहाव्याला तिथं पिंड ठेवतात. वर्षातले तीनशे दिवस ती रिकामी दिसते. ज्याला त्या जागेचं कॅलेंडर माहीत नाही, त्याला ती मोकळी वाटते.

*

पुण्याला निघायच्या दोन दिवस आधी मी काकांसोबत डोंग्यातून तलावाला चक्कर मारली. बहिणीलाही घेतलं. ती पहिल्यांदाच डोंग्यात बसत होती. जन्म या गावात, पण पाण्यावरून गाव तिनं कधी पाहिलंच नव्हतं. काकांनी दाखवलं, इथं मरळ असते, इथं उन्हाळ्यात ढोरं उतरतात, इथं तुडुमाजवळ खोल आहे, इथं पोरांना येऊ देऊ नका. बहिणीनं विचारलं, दिवे कुठं लावले तर मासे बिचकणार नाहीत? काका थोडे थांबले. हे त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाले, देवळाकडच्या अंगाला लावा, तिकडं जाळं नसते, आन् बायाबी तिकडूनच येतात.

मी चित्र पुन्हा काढलं. ट्रॅक देवळाच्या बाजूनं अर्ध्या पाळीपर्यंत, मातीचाच. दिवे तिकडेच. डोंग्यांचा उतार मोकळा, सांडवा मोकळा. पेडल बोटी काढून टाकल्या. सेल्फी पॉइंट सरपंचांना हवाच होता, तो बस थांब्याजवळ गेला. हे चित्र पहिल्याइतकं देखणं नाही. सरपंच म्हणाले, "यात पहिल्यासारखा दम नाही बाबू. वरचे लोक याले पैसे देतीन का?" ते बरोबर असू शकतात. निधी ज्या योजनेतून येणार, तिला देखणं चित्र लागतं. प्रस्ताव गेला आहे, अजून उत्तर आलेलं नाही.

बहीण मधून मधून फोनवर विचारते, दिव्यांचं काय झालं? मी म्हणतो, कळेल. गेल्या आठवड्यात ती म्हणाली की त्या तिघी मैत्रिणी आता संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च घेऊन देवळापर्यंत जातात. ढिवर मोहल्ल्यातली काकू सोबत असते, जाळं आवरून परतताना. दिवे नाहीत, म्हणून सातच्या आत परत येतात.